पंपहाऊसची मन्नत

हाती घेतलेलं काम दिनकरराव मंगळवेढेकरांनी कधी अर्धवट सोडलं, असं सोलापूरपासून जयपूरपर्यंत कुणी म्हणून दाखवावं! निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं होतं, आणि हे म्हणणं ते कुणी न विचारताही ऐकवत. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असल्यामुळे समोरचा ऐकूनही घेई. म्हणून फिजिओथेरपिस्ट कीर्तीने वीणाताईंना व्यायाम समजावून सांगितला, तेव्हा वीणाताई काही बोलायच्या आत दिनकरराव खुर्चीत पुढे सरकले.

"व्यायामाचं माझ्याकडे सोपवा! एक दिवस जरी चुकला तरी माझं नाव बदला!"

नाव तसंही जयपुरात बदललेलंच होतं. 'मंगळवेढेकर' हे प्रकरण कॉलनीत कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा लोकांनी परस्पर त्यांना 'मंगलजी' करून टाकलं होतं.

कीर्ती मूळची लातूरची. त्यामुळे दोघांना मराठीत आणि रोखठोक सांगायला तिला काही अडचण नव्हती.

"हे बघा काकू, केमो झाली, ऑपरेशन झालं. आता रेडिएशन. त्यासाठी हात डोक्याच्या वर नेऊन, न हलता पडून राहावं लागतं. तुमचा उजवा हात आत्ता खांद्याच्या वर जातच नाहीये. पुढच्या महिन्यात त्यासाठीचा स्कॅन आहे, तोही हात वर ठेवूनच. तोवर हात वर गेला नाही तर रेडिएशन लांबणार, आणि ते आपल्याला लांबवायचं नाहीये."

"पण तिला आराम नको का?" दिनकररावांनी विचारलं. "इतकं सगळं सोसल्यावर?"

"पूर्वी तसंच सांगायचे, काका. आता सांगतात, झेपेल तेवढं हला. उपचारांचा थकवा पडून राहून वाढतो, चालून कमी होतो. रोज चालायचं. आणि मग भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं टेकवायची आणि एकेक बोट वर चढवत हात न्यायचा. कोळी चढतो ना, तसा. रोज थोडा वर."

"झालंच समजा!" दिनकरराव म्हणाले.

वीणाताईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. संसाराचा अनुभव असलेल्या बायका असं बघतात, आणि नवऱ्यांना ते कौतुक वाटतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ऑफिसात दिनकररावांच्या टेबलावर कॅन्सरचे क्लेम सारखे येत. तो शब्द ते चहाचा घोट घेता घेता उच्चारत. पण घरात तोच शब्द त्यांच्या घशाच्या खाली तरी जाई, नाहीतर वर तरी अडकून राही. घरात ते म्हणत, "वीणाचं ते." फोनवर म्हणत, "ते आपलं, ते." वीणाताई स्वतः सरळ कॅन्सर म्हणायच्या, तेव्हा ते उठून पंख्याचं बटण बघायला जायचे.

त्यात सुरुवातीलाच वीणाताईंच्या सुलोचनामावशींनी सोलापूरहून व्हिडिओ कॉल केला. मावशी आधी रडल्या. मग त्यांच्या ओळखीत हा आजार कुणाकुणाला झाला आणि त्यांतलं कोण कोण गेलं, ते त्यांनी तपशिलात सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "पण तू धीर सोडू नकोस हं!" त्या दिवशी वीणाताई जेवल्या नाहीत. आणि दिनकररावांनी ठरवून टाकलं की जयपुरात कुणालाही, काहीही कळू द्यायचं नाही. सहानुभूतीचं एक पाऊल दाराच्या आत येता कामा नये! वीणाताईंनी त्या बाबतीत मान हलवली, कारण तेव्हा त्यांना मान हलवण्याइतकीच ताकद होती.

व्यायाम घरातच झाला असता. पण घरमालकाने हौसेने सगळ्या भिंतींना असा खडबडीत रंग लावला होता की त्यावर खोबरं किसून घ्यावं. केमोने वीणाताईंच्या बोटांची टोकं हुळहुळी झालेली. दोनदा बोटं टेकवली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"शिवाय घरात मी पेशंट असते हो," त्या म्हणाल्या. "जरा बाहेर जाऊ या."

कॉलनीच्या बागेत एक पंपहाऊस होतं. बोअरचं पाणी वरच्या टाकीत चढवायचा पंप त्यात. खोली चौकोनी, भोवती फरशीची पायवाट, आणि पूर्वेच्या भिंतीला छान गुळगुळीत गिलावा. सकाळचं कोवळं ऊन नेमकं त्या भिंतीवर यायचं. बागेतला चालायचा रस्ता पाइपलाइनसाठी उखडून ठेवलेला, तो कधी बुजवणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून वीणाताई पंपहाऊसभोवतीच चकरा मारू लागल्या. डोक्यावर बगरूच्या छापाची मऊ सुती ओढणी. नव्याने उगवणाऱ्या केसांना बाकी काहीच सहन होत नव्हतं. मागे थर्मास, नॅपकिन आणि घडीची खुर्ची घेऊन दिनकरराव. चकरा झाल्या की वीणाताई भिंतीसमोर उभ्या राहत, डोळे मिटत, उजव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवत आणि दुखणं गिळत एकेक बोट वर चढवत. ओठ हलत. त्या कळ सोसत मनातल्या मनात आकडे मोजत असत, पण दुरून बघणाऱ्याला ते कसं कळावं?

दुरून बघत होत्या मधुमतीजी. समोरच्या घरात राहणाऱ्या, कॉलनीतल्या सगळ्या बायकांच्या सासू असाव्यात अशा थाटाच्या. काही दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. मग एका सकाळी त्या दिनकररावांना गाठून म्हणाल्या,

"भाई साहब, भाभीजी ये रोज़ क्या करती हैं?"

दिनकररावांच्या हातातला थर्मास गळायचा राहिला. आता काय सांगायचं? व्यायाम म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, कशासाठी? आणि कशासाठीचं उत्तर तर घशात अडकलेलं. त्यांनी ओढणीकडे पाहिलं. मिटलेले डोळे, हलणारे ओठ पाहिले. आणि त्यांच्या सुपीक डोक्यात वीज चमकली!

"मन्नत है," ते म्हणाले.

"अच्छा!" मधुमतीजींनी लगेच पदर डोक्यावर घेतला. "किस बात की?"

"वो बतानी नहीं होती. हमारे सोलापूर में ऐसाच है."

"हमारे यहाँ भी!" मधुमतीजी कुजबुजल्या आणि हात जोडून मागच्या मागे गेल्या.

घरी येईपर्यंत दिनकरराव स्वतःवर खूश होते. "एका वाक्यात सगळ्या चौकशा बंद! याला म्हणतात हजरजबाबीपणा!"

"नवस?" वीणाताईंनी विचारलं. "पंपहाऊसला?"

"कुठल्या देवाचा ते मी कुठे सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी वीणाताईंच्या मागे मधुमतीजी चकरा मारत होत्या. त्यांचा मुलगा बाडमेरला नोकरीला, आणि त्याची जयपूरला बदली काही होत नव्हती. चकरा झाल्यावर वीणाताईंनी जसा हात भिंतीवर चढवला, तसाच त्यांनीही चढवला. डोळे मिटून, ओठ हलवत. आणि नशीब असं, की त्याच आठवड्यात मुलाची बदली झाली!

झालं! नुकतीच होळी होऊन गणगौरीचे दिवस लागले होते. जयपुरात या दिवसांत बायका नवऱ्यासाठी पूजा घालतात, सकाळी नटूनथटून दूर्वा आणायला निघतात. त्यांना फक्त जागा हवी होती, ती मिळाली. कुणी सुनेच्या परीक्षेसाठी, कुणी मुलीच्या लग्नासाठी, कुणी उगीच, सगळ्या जातात म्हणून. पंपहाऊसभोवती चालणाऱ्यांची रांग लागली. शुभकार्याला भिंतीवर हाताचा ठसा उमटवायची इकडे रीतच आहे. कुणीतरी मेंदीत हात बुडवून पहिला थापा उमटवला. मग कुंकवाचे आले, हळदीचे आले. पंपाच्या खोलीच्या उंबऱ्यावर नारळ आले. दाराच्या कडीला लाल धागे आले. एक दिवस बघतात तो मोटारच्या स्टार्टरला गंध लावलेलं!

"अहो, हे जरा जास्त होतंय," वीणाताई म्हणाल्या.

"उलट चांगलं आहे! गर्दीत कुणाचं तुझ्याकडे लक्ष जाणार नाही."

लक्ष गेलं, पण वीणाताईंकडे नव्हे. गणगौरीच्या दिवसांत बाई इतक्या निष्ठेने, चेहऱ्यावर दुखणं दिसत असूनही चकरा मारते, ती कुणासाठी? अर्थातच नवऱ्यासाठी! मग नवऱ्याला काहीतरी असणार. आणि साधंसुधं नसणार, नाहीतर ती इतकी वाळली नसती. बघा ना, बिचारे रोज बरोबर येतात पण एकही चक्कर मारत नाहीत. बरोबर बसायला खुर्ची आणतात!

सगळी कॉलनी दिनकररावांकडे ओल्या डोळ्यांनी बघू लागली.

आधी त्यांना ते कळलंच नाही. दूधवाल्याने पिशवी हातात न देता वर आणून ठेवली, तेव्हा त्यांना वाटलं, आपला दरारा. पार्किंगमध्ये कुणीतरी त्यांच्या हातातली ऑफिसची बॅग काढून घेतली, तेव्हा वाटलं, मराठी माणसाबद्दल आदर. पण मग मधुमतीजी स्टीलचा पेला घेऊन दारात आल्या.

"पपीते के पत्तों का रस. रोज़ सुबह. ना मत कहिएगा."

"पर मुझे तो कुछ..."

"कुछ मत बोलिए. हम सब समझते हैं."

रस इतका कडू होता की दिनकररावांना पहिल्यांदाच खरोखर आजारी असल्यासारखं वाटलं. पाठोपाठ कुणी गिलोय, म्हणजे आपली गुळवेल, आणली, कुणी ताईत आणला. कॉलनीचे सेक्रेटरी शेखावतजी, वीज खात्यातून निवृत्त झालेले, एरवी पार्किंगवरून कुणाशीही हुज्जत घालणारे, त्यांनी दिनकररावांच्या खांद्यावर हात ठेवला. "मंगलजी, मेरे साले को भी यही था," असं म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. साल्याचं काय झालं, हे विचारायची दिनकररावांची हिंमत झाली नाही. ज्या सहानुभूतीला दाराबाहेर ठेवायचं म्हणून हा सगळा खटाटोप, ती आता दार न वाजवता आत येऊन त्यांच्या उशापाशी बसली होती.

वीणाताई या प्रकाराला पहिल्या दिवशी पोट धरून हसल्या. टाके ओढले जाईपर्यंत हसल्या. पण मग त्यांचं हसू थांबलं, कारण त्यांना भिंतच मिळेना.

त्या बागेत पोचल्या की बायका त्यांना आसनावर बसवत. "आप तो बैठिए, भाभीजी! आपने तो बहुत कर लिया. अब हमें करने दीजिए." उठायला लागल्या की कुणीतरी पाया पडे. भिंतीशी जावं तर गुळगुळीत गिलाव्यावर थाप्यांवर थापे, हळदीचे पोपडे, आणि समोर उदबत्त्यांची ओळ. चकरा माराव्यात तर पायवाटेवर रांग, आणि रांगेत सगळ्यांत पुढची आजीबाई देवळात चालावं तशी, थांबत थांबत. चालणं राहिलं, हात राहिला. घरात खडबडीत भिंतीवर नॅपकिन धरून त्या प्रयत्न करीत, आणि बोटं पोळल्यावर सोडून देत.

कीर्तीने पुढच्या भेटीत हात वर करायला सांगितला. हात खांद्याशी येऊन थांबला. थरथरला. खाली आला.

"काकू, मागच्या वेळी तर याहून बराच वर गेला होता," कीर्ती म्हणाली. "काय झालं? व्यायाम बंद आहे का?"

दिनकरराव छताकडे बघू लागले.

"स्कॅन जवळ आलाय," कीर्ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हसरा नव्हता.

घरी येताना सांगानेरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा वीणाताई म्हणाल्या, "मी केमो घेतली. ऑपरेशन करून घेतलं. रडले नाही, रडले का सांगा? आणि आता तुमच्या एका मन्नतीपायी माझं राहिलेलं राहायचं?"

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"होय की. माझ्यासाठीच. लोकांच्या दयेची भीती मला होती, तेव्हा मी हो म्हटलं. ती भीती कधीच गेली. आता मला नवस नको, मला माझा हात हवाय." सिग्नल सुटला. मागच्या सीतापुऱ्याच्या बसने हॉर्न वाजवून डोकं उठवलं, तरी दिनकररावांना गिअर सापडेना. आपल्याला जे हवं होतं ते वीणासाठी नव्हतंच, तो शब्द आपल्यालाच उच्चारायचा नव्हता, हे त्यांना त्या सिग्नलवर पहिल्यांदा नीट दिसलं. ते दिसल्यावर बरं वाटलं नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळ्या कॉलनीचं पाणी गेलं.

पंपवाला घासीलाल हातात चपला घेऊन बागेत उभा होता. बायकांनी त्याला चपला घालून पंपाच्या खोलीत जायला मनाई केली होती. खोलीत अभिषेकाचं पाणी साचलेलं. अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून स्टार्टर दाबायला घासीलाल तयार नव्हता.

"साब, देवी होगी तो होगी," तो शेखावतजींना सांगत होता, "पर करंट किसी का सगा नहीं!"

वीज खात्यात आयुष्य घालवलेल्या शेखावतजींना हे तत्काळ पटलं. त्यांनी तिथेच, बादल्या घेऊन जमलेल्या लोकांसमोर सभा बोलावली.

"बहुत हो गया! नारियल हटेंगे, दीवार पर चूना लगेगा, और चारों तरफ़ लोहे की जाली! कोई अंदर नहीं जाएगा, घासीलाल के सिवा."

"दीवार को हाथ नहीं लगेगा!" मधुमतीजी कडाडल्या. "जब तक मंगलजी ठीक नहीं हो जाते, तब तक तो बिलकुल नहीं!"

"हाँ, हाँ! पहले मंगलजी ठीक हों!" बायका ओरडल्या.

सगळ्यांनी वळून दिनकररावांकडे पाहिलं. कुणीतरी घाईने त्यांच्यासाठी खुर्ची उघडली. शेखावतजींचाही चेहरा एकदम मऊ झाला. ते घुटमळले. "मंगलजी की बात अलग है," असं पुटपुटले.

दिनकररावांनी वीणाताईंकडे पाहिलं. त्या गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. उजवा हात डाव्या हाताने धरलेला. त्यांनी ना मान हलवली, ना डोळ्यांनी खुणावलं. नुसत्या बघत राहिल्या. जाळी लागली तर भिंत गेली. भिंत तशीच राहिली तरी गर्दीत गेली. दोन्हीकडून हात तिचाच जाणार होता.

"भाइयो और बहनो," दिनकररावांनी सुरुवात केली. आवाज सभेला शोभेल असा निघाला, पण लगेच चिरकला. "मुझे कुछ नहीं हुआ है. मैं एकदम ठणठणीत हूँ."

लोक एकमेकांकडे बघू लागले. ठणठणीत हा कुठला नवा आजार?

"मतलब, अच्छा-भला हूँ! जो है, वो वीणा को है. वीणा को... ते आपलं... वो..." ते थांबले. घासीलालसुद्धा चपला खाली ठेवून ऐकत होता. "वीणा को कैंसर है."

शब्द बाहेर पडला. पडला आणि आभाळ काही कोसळलं नाही. दिनकररावांना त्याचंच नवल वाटलं. मग ते थांबेनातच.

"कैंसर है. मन्नत-वन्नत कुछ नहीं. वो व्यायाम है, डॉक्टरों ने बताया हुआ! चलना है और हाथ ऊपर ले जाना है. हाथ ऊपर नहीं गया, तो आगे का इलाज रुक जाएगा. मैं लोगों को बताने से डरता था, इसलिए झूठ बोला. देवी नहीं है, पंप है. आप सब लोग मुझे माफ़..." आणि ते खुर्ची समजून नारळांच्या ढिगावर बसले.

नारळ घरंगळले. दिनकरराव त्यांच्याबरोबर थोडे घरंगळले. कुणी हसलं नाही.

वीणाताई पुढे आल्या. त्यांनी डोक्यावरची ओढणी काढली. आत बोटभरही नाहीत असे पांढरे-काळे केस, उन्हात उभे. दिनकररावांनी डोळे मिटून घेतले. आता रडणं सुरू होणार, आता कोण कोण गेलं त्याची यादी सुरू होणार.

"मंगलजी!" मधुमतीजींचा आवाज आला. "मैं आपको रोज़ पपीते का रस पिलाती रही!"

"मैंने मना किया था," दिनकरराव डोळे न उघडता म्हणाले.

"आप पूरा गिलास पी जाते थे!"

"कडवा था. धीरे पीना और मुश्किल था."

इथे मात्र वीणाताई हसल्या. हसणाऱ्या त्या पहिल्या, म्हणून मग सगळ्यांनाच हसायला परवानगी मिळाली. मधुमतीजी हसता हसता डोळे पुसत त्यांच्याजवळ गेल्या, आणि कोण गेलं, कोण राहिलं यातलं काही न बोलता त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"भाभी, हाथ कितना ऊपर जाना है?"

वीणाताईंनी डाव्या हाताने भिंतीवर जागा दाखवली. बरीच उंच.

"और अभी कहाँ तक जाता है?"

उजव्या हाताने दाखवली. मधुमतीजींनी दोन्ही जागा बघितल्या, पदर कमरेला खोचला आणि मागे वळल्या. "नारियल उठाओ! पानी पोंछो! घासीलाल, चप्पल पहन और पंप चला! कल से ये दीवार भाभी की है. कोई बीच में आया, तो देख लेना!"

शेखावतजींनी जाळीचा विषय काढलाच नाही. फक्त जाता जाता त्यांनी दिनकररावांना हळूच विचारलं, "तो मेरे साले वाली बात मैंने आपको फ़ालतू में बताई?"

"आपने पूरी बताई ही नहीं," दिनकरराव म्हणाले.

"वो बिलकुल ठीक है जी! अजमेर में दुकान चलाता है."

त्यानंतर दिनकररावांच्या हातात काही उरलं नाही. भिंत धुऊन निघाली, आणि कीर्तीचा व्यायाम मधुमतीजींनी ताब्यात घेतला. आधी त्यांनी कीर्तीला फोनवर घेऊन तिची उलटतपासणी घेतली. ताण किती द्यायचा, कुठे थांबायचं, सूज आली तर काय. मग बायका रोज वीणाताईंबरोबर चालू लागल्या, त्यांच्या चालीने. त्या दमल्या की सगळ्या दमत. बोटं भिंतीवर चढली आणि थांबली की त्या जागी मेंदीचा एक ठिपका लागे. दुसऱ्या दिवशी ठिपका त्याच्या वर गेला की टाळ्या, नाही गेला तरी चहा. बऱ्याच जणींचे स्वतःचे आखडलेले खांदे या नादात मोकळे झाले, ती गोष्ट वेगळी. दिनकरराव एकदा थर्मास घेऊन मध्ये सूचना द्यायला गेले, तेव्हा मधुमतीजींनी त्यांना बाकावर बसवलं. "आप आते हैं तो भाभी का ध्यान बँटता है." एका सकाळी वीणाताई कळेने कळवळल्या आणि हात खाली घेऊन म्हणाल्या, आज नाही व्हायचं. बायका म्हणाल्या, ठीक आहे, आज नाही. दिनकरराव बाकावर बसून बघत होते. आपण असतो तर म्हणालो असतो, चल, अजून थोडं! हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते गप्प बसून राहिले.

स्कॅनच्या दिवशी वीणाताई आत गेल्या आणि दिनकरराव बाहेरच्या हॉलमध्ये बसले. आजूबाजूला आणखी काही बायका. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाच्या दंडाला सूज रोखणारी घट्ट बाही, कुणाचा हात असाच दुसऱ्या हाताने धरलेला. दार बंद होतं. हात वर गेला असेल का? वर राहिला असेल का? कुणी आत ओरडलं का? फोनमध्ये कॉलनीच्या ग्रुपवर सगळ्या एकच विचारत होत्या, गया क्या? गया क्या?

दार उघडलं. वीणाताई ओढणी सावरत बाहेर आल्या. दिनकरराव उठले. वीणाताईंनी हॉलच्या मध्यावर उभं राहून उजवा हात वर केला. खांद्यापर्यंत, कानापर्यंत, डोक्याच्याही वर, सरळ. आणि तिथेच ठेवला.

दिनकरराव हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, रडले. चांगले हुंदके देऊन रडले.

रुमाल बांधलेली एक बाई टाळ्या वाजवू लागली. दुसरीने विचारलं, "दीदी, कैसे किया?" वीणाताईंनी बोटं भिंतीला टेकवून दाखवलं. बघता बघता दोघी-तिघी उठून हॉस्पिटलच्या गुळगुळीत भिंतीपाशी उभ्या राहिल्या. जिचा जेवढा जात होता तेवढा हात वर जाऊ लागला. दिनकररावांना उमाळा आवरेना. तेही डोळे पुसत भिंतीपाशी गेले आणि सगळ्यांना हुरूप यावा म्हणून त्यांनी झोकात आपला उजवा हात वर उचलला.

तो खांद्याच्या जरासा वर गेला आणि अडकला.

"आई गं!" दिनकरराव किंचाळले. वर जाईना, खाली येईना! हॉल वळून बघू लागला. आतून कीर्ती धावत आली, तिने खांदा चाचपला.

"काका, हा तर पार आखडलाय! किती वर्षं खुर्चीत बसून आहात? उद्यापासून तुम्हीही भिंतीपाशी."

"हळू! अगं हळू! मेलो!"

वीणाताई पुढे झाल्या. आपल्या उजव्या हातात त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि तो हळूहळू, न घाबरता वर न्यायला लागल्या.

"ओरडू नका हो," त्या म्हणाल्या. "इथे पेशंट बसलेत."